पाणी तपासायची पेटी : मेलेल्या माशांच्या डोहावर तीन पहाटा वापरून

पाचपैकी साडेतीन तारे. दीड तारा कुठे गेला ते पुढे येईलच.

पेटीवर उडी मारणारा चकचकीत मासा छापलाय आणि खाली लिहिलंय, ‘दहा मिनिटांत ओळखा तुमच्या नदीचं आरोग्य’. दहा मिनिटांत तर बाटल्यांची सीलंसुद्धा निघत नाहीत. मला एक वाया गेलेली दुपार, तीन पहाटा आणि एका प्रयोगशाळेचा रिपोर्ट एवढं सगळं लागलं. तेव्हा कुठे आमच्या डोहातले मासे कशाने मेले ते सांगता आलं, आणि तेही बऱ्यापैकी खात्रीने एवढंच.

मी कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत बत्तीस वर्षं सहायक होतो. म्हणजे मुलांनी फोडलेल्या ब्युरेट मोजायच्या आणि न फोडलेल्या धुवायच्या. टायट्रेशन मला झोपेतून उठवून करायला सांगा, करीन. त्यामुळे माझं मत थोडं एकांगी आहे. ज्यांनी बारावीनंतर पिपेट हातात धरलेलं नाही, त्यांना ही पेटी माझ्यापेक्षा अवघड जाईल हे आधीच सांगून ठेवतो.

आत काय येतं? कडक प्लास्टिकची पेटी, फोममध्ये कापलेले खण. विरघळलेला ऑक्सिजन मोजायची ६० मिलिलिटरची काचेची बाटली आणि तिची तीन-चार रसायनं, अमोनियाच्या दोन कुप्या, पीएचचा द्रव, नायट्रेट-नायट्राइटच्या पट्ट्या, क्लोरीनच्या गोळ्या, जड धातूंच्या पट्ट्या, थर्मामीटर, पाण्याची विद्युतवाहकता दाखवणारं पेन आणि रंगांची तक्ती. हातमोजे एकच जोडी, तेही माझ्या पुतणीच्या हाताचे. माहितीपुस्तिका सोळा पानांची. त्यातली चार पानं हमीच्या अटी.

मासे मेल्याचं कळलं ते अण्णांच्या फोनवरून. अण्णा डोहात जाळं टाकतात. मला ‘सर’ म्हणतात. मी सर नव्हतो, सरांच्या हातात बाटल्या देणारा होतो, हे त्यांना चारदा सांगून झालं, आता सोडून दिलंय. मी पेटी घेऊन पोचलो तेव्हा दुपारचे साडेबारा झाले होते. काठाला शेवाळात बाटली बुडवली, पुस्तिकेप्रमाणे थेंब मोजले. ऑक्सिजन लिटरला साडेसहा मिलिग्रॅम! पंचवीस अंशांच्या गोड्या पाण्यात मुळात सुमारे ८.३ मिलिग्रॅमच मावतो, त्यामुळे साडेसहा म्हणजे मासे मजेत असावेत. आणि समोर पोटं वर करून तरंगत होते. अण्णांनी आकडा ऐकला, माशांकडे बघितलं आणि काही बोलले नाहीत. त्या न बोलण्याचा राग मी दोन दिवस पेटीवर काढत होतो.

चूक पेटीची नव्हती. उन्हात शेवाळ आणि पाणवनस्पती ऑक्सिजन सोडतात. सूर्य मावळला की तीच झाडं, तेच शेवाळ, गाळातले जिवाणू आणि मासे, सगळे मिळून तो ओढत राहतात. त्यामुळे नदीतला ऑक्सिजन सर्वांत कमी असतो तो उजाडायच्या जरा आधी. दुपारी साडेबाराला, उथळ काठाला, शेवाळाच्या मधोमध बाटली बुडवणं म्हणजे चोरी रात्री झाली आणि पंचनामा भरबाजारात केला. सोळा पानांच्या पुस्तिकेत पाणी कोणत्या वेळी घ्यावं यावर एक ओळ नाही. पहिला अर्धा तारा इथे गेला.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला गेलो. अण्णा आधीच नावेत होते. बॅटरीच्या उजेडात जे दिसलं ते कुठल्याही पेटीशिवाय वाचता आलं असतं. मोठे मासे पृष्ठभागाशी येऊन आ वासत होते. वरच्या अंगाला एक ओढा डोहात पडतो, त्याच्या धारेखाली तर गर्दीच. खेकडे पाणी सोडून दगडांवर चढून बसलेले. मरळ मात्र खुशाल होता, कारण तो तोंड वर काढून हवेतूनही श्वास घेतो. अण्णा म्हणाले, “सर, विष असतं तर बारीक आधी गेले असते. काल सगळे थोराड गेलेत.”

हे वाक्य पुस्तिकेत असायला हवं होतं. पाण्यातला ऑक्सिजन संपतो तेव्हा बहुधा मोठे मासे आधी जातात, पहाटे जातात आणि हवा पिणारे तगतात. विषारी काही आलं तर दिवसाचा कुठलाही वेळ, सगळ्या जाती, लहान मासे आधी, आणि पाण्यातले किडेही सोबत. सायनाइडने मेलेल्या माशाचे कल्ले भडक लाल दिसतात. नायट्राइट वाढलं की रक्त चॉकलेटी होतं. मेलेल्या माशाकडे कसं बघावं याचं एकही चित्र या पेटीत नाही, आणि झाकणावर मासा मात्र केवढा मोठा!

आता ऑक्सिजनच्या चाचणीबद्दल. ही या पेटीतली सगळ्यात चांगली गोष्ट आहे. पद्धत जुनी, लायोश विंकलर या हंगेरियन रसायनतज्ज्ञाने १८८८ साली दिलेली. बाटलीत मँगनीज सल्फेट टाकायचं, मग अल्कली-आयोडाइड. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका धरतो. त्यावर आम्ल टाकलं की साका विरघळून पिवळं आयोडीन सुटतं आणि ते रंग जाईपर्यंत थायोसल्फेटचे थेंब टाकून मोजायचं. जितका ऑक्सिजन तितकं आयोडीन. दुसऱ्या कुपीत अझाइडही असतं, कारण सांडपाण्यातलं नायट्राइट नाहीतर आकडा फुगवतं. पेटीवाल्यांनी ते वगळलेलं नाही याबद्दल मनापासून शाबासकी. शेवटच्या टप्प्याला सल्फ्युरिक आम्लाऐवजी सल्फॅमिक आम्लाची पूड दिली आहे, तीही शहाणपणाची. अंधारात, ओल्या दगडावर उभं राहून सल्फ्युरिक ओतायची माझी तयारी नव्हती.

ऑक्सिजन मोजणाऱ्या मीटरपेक्षा ही पद्धत मला बरी वाटते. पडद्याचा मीटर असेल तर पडद्याखाली हवेचा बुडबुडा अडकतो, पाणी सतत ढवळत राहावं लागतं आणि वापरायच्या आधी दर वेळी जुळवून घ्यावा लागतो. प्रकाशावर चालणारा नवा मीटर उत्तम, पण तो आपला आपण घ्यायची वस्तू नव्हे. बाटलीचा मोठा फायदा असा की काठावर पहिली दोन रसायनं आणि आम्ल टाकून ठेवलं की ऑक्सिजन ‘बांधला’ जातो. मग बाटली सावलीत ठेवून काही तासांनी घरी चहा घेत मोजली तरी चालतं.

तरी त्या पहाटेचा आकडा वाया गेला आणि तो माझ्यामुळे. झाकण लावताना बाटलीत बुडबुडा राहिला, हरभऱ्याएवढा. मला वाटलं, एवढ्याने काय होतंय. घरी आल्यावर हिशेब केला. ६० मिलिलिटरच्या बाटलीत लिटरला २ मिलिग्रॅम या दराने सगळा मिळून ०.१२ मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. अर्धा मिलिलिटर हवेचा बुडबुडा एकटा जवळजवळ ०.१४ मिलिग्रॅम घेऊन येतो. म्हणजे पाण्यात होता त्यापेक्षा जास्त मीच आत कोंडला होता. बत्तीस वर्षं मुलांना हेच सांगितलं. बाटली पाण्याखालीच पूर्ण भरायची, पाण्याखालीच तिरकी करून झाकण लावायचं, उलटी करून बघायची आणि बुडबुडा दिसला की सरळ ओतून पुन्हा भरायची. पुस्तिका म्हणते ‘हवा राहू देऊ नका’. का, ते सांगत नाही, म्हणून माणूस चालढकल करतो. मी केलीच की.

तिसऱ्या दिवशी पुतणी सोबत आली, फोटो काढायला आणि मला ओरडायला. आम्ही तीन बाटल्या भरल्या, पेटीतली एक आणि जादा दोन. एक डोहाच्या बरीच वर, एक डोहाच्या मध्यावर, नावेतून हात कोपरापर्यंत बुडवून, आणि एक खालच्या अंगाला जिथे नाला मिळतो त्याच्या पुढे. वरच्या बाटलीत दुसरी कुपी टाकल्याबरोबर तपकिरी ढग उठला आणि सावकाश खाली बसू लागला. मधल्या बाटलीत फिकट, मातकट. तिसऱ्या बाटलीत थेंब पडले आणि ढग उठला तो पांढरा. दुधाचा थेंब पडावा तसा. बाटली उलटसुलट केली, पुन्हा केली. पांढराच.

“काका, बिघडलं का हे?” पुतणीने विचारलं.

बिघडलं नव्हतं. मँगनीजला ऑक्सिजन मिळालाच नाही तर साका पांढराच राहतो. हा रंग मी नोकरीत दोन-तीनदाच पाहिला असेल, तोही मुद्दाम उकळून गार केलेल्या पाण्यात, प्रात्यक्षिक म्हणून. वाहत्या नदीच्या पाण्यात पहिल्यांदा पाहिला. थेंब मोजायची गरजच उरली नव्हती. तरी वरच्या दोन बाटल्यांचे मोजले. एक थेंब म्हणजे अर्धा मिलिग्रॅम. वर साडेपाच, डोहात दीड. लिटरला पाचच्या वर असेल तर बहुतेक मासे बरे राहतात, दोनच्या खाली गेला की तडफड सुरू होते. थेंब मोजताना कुपी अगदी उभी धरा. तिरकी धरली की थेंब लहानमोठे पडतात आणि अर्ध्या मिलिग्रॅमचा खेळ बिघडतो.

थेंब मोजताना आयोडीनला ठळक निळा रंग देणाऱ्या स्टार्चच्या द्रावणाबद्दल तक्रार आहे. कुपी उघडून पंधरवडा झाला नाही तर आत बुरशीचा तरंग. निळा रंग जांभळट आणि मरगळलेला येऊ लागला. मी चिमूटभर स्टार्च उकळत्या पाण्यात कालवून ताजं केलं आणि वेळ भागवली, पण सगळ्यांना हे सुचेल असं नाही. पूड वेगळी दिली असती तर काय बिघडलं असतं?

अमोनियाकडे वळू. या पेटीत सॅलिसिलेटची पद्धत आहे, पिवळ्याकडून हिरव्याकडे जाणारी. जुन्या पेट्यांतलं नेस्लरचं रसायन पाऱ्याचं असतं, ते नदीकाठी सांडणं म्हणजे चोराच्या शोधात स्वतःच घर लुटणं. म्हणून ही निवड चांगली. पण रंग जुळवायचा कसा? पहाटे बॅटरीच्या पिवळट उजेडात तक्तीवरचे १, २ आणि ४ हे तिन्ही हिरवे मला एकसारखे दिसले. पुतणीला ‘चार’ वाटलं, मला ‘दोन’, अण्णांनी चाळिशी विसरल्याचं सांगून अंग काढून घेतलं. शेवटी पाणी बर्फात ठेवलं आणि उजाडल्यावर, उन्हाकडे पाठ करून पांढऱ्या कागदावर जुळवलं. चारच होते. पुतणी जिंकली.

आता चार म्हणजे काय? तक्तीवर चारच्या शेजारी लाल कवटी छापली आहे. इथे मी दुसरा अर्धा तारा कापला. ही चाचणी एकूण अमोनिया दाखवते. त्यातला फार थोडा भाग मुक्त अमोनियाच्या रूपात असतो आणि माशाला मारतो तो मुख्यतः तोच. हा भाग किती, हे पीएच आणि तापमान ठरवतं. आमच्या पहाटेच्या पाण्याचा पीएच ७.६, तापमान पंचवीसच्या आसपास. त्यात मुक्त अमोनिया जेमतेम २ टक्के, म्हणजे चारातला ०.०९ मिलिग्रॅम. माशाला त्रास होईल असा, पण एका रात्रीत थोराड मासे आडवे करील असा नाही. आता तेच चार मिलिग्रॅम दुपारी घ्या. शेवाळ उन्हात पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, पीएच चढतो. आमच्या डोहात काठाला दुपारी ८.८ भरला. त्या पीएचला चौथ्या हिश्श्याहून जास्त अमोनिया मुक्त होतो, म्हणजे साधारण एक मिलिग्रॅम. पाणी तेच, अमोनिया तेवढाच आणि विष दहापटीहून जास्त. पहाटे श्वास कोंडलेल्या माशाला दुपारी हा दुसरा दणका. पीएचची कुपी पेटीत आहे, अमोनियाची आहे, थर्मामीटर आहे. तिन्ही आकडे एकत्र वाचायचा चार ओळींचा तक्ता तेवढा नाही. त्याऐवजी कवटी.

पेटीतली मला सगळ्यात क्षुल्लक वाटलेली वस्तू म्हणजे ते पेन. पाण्यात बुडवलं की विद्युतवाहकतेचा आकडा दाखवतं. कसलं प्रदूषण ते सांगत नाही, फक्त पाण्यात विरघळलेले क्षार वाढले की आकडा वाढतो. मी ते खणातच ठेवून दिलं होतं. अण्णांनी काढलं. त्यांना ते आवडलं कारण थेंब नाहीत, रंग नाहीत, वाट बघणं नाही. ते नावेतून काठाकाठाने पेन बुडवत निघाले आणि आकडे ओरडून सांगू लागले. तीनशे दहा. तीनशे पाच. तीनशे वीस. पुतणी वहीत लिहीत होती. नाल्याच्या तोंडाशी एकदम अकराशे ऐंशी. मग नाल्यात पायी शिरलो. अकराशे, अकराशे, बाराशे. एका वळणापाशी आकडा पुन्हा चारशेवर आला. मागे वळून बघितलं तर झुडपात एक पाइप, वळणाच्या अलीकडे, आम्ही त्याच्या बाजूने तसेच पुढे गेलेलो. रात्रीचं पाणी अजून ठिबकत होतं, कोमट, आणि वास आंबूस-गोडसर.

पाइपाखालच्या दगडांवर करड्या लोकरीसारखं काहीतरी वाढलेलं होतं, पाण्याच्या ओढीबरोबर हलणारं. हात लावला तर बुळबुळीत, पिंजलेला कापूस भिजवावा तसं. याला सांडपाण्याची बुरशी म्हणतात खरी, पण त्यात बुरशीपेक्षा स्फीरोटिलससारखे तंतूसारखे वाढणारे जिवाणूच जास्त असतात. साखर-स्टार्चसारख्या सेंद्रिय पदार्थांनी भरलेलं पाणी सतत येत असेल तिथेच ते असे फोफावतात. पाइपाच्या वरच्या बाजूला दगड उचलून पाहिले तर मेफ्लाय या स्वच्छ पाण्यातल्या किड्याच्या अळ्या सापडल्या, तीन शेपट्यांच्या. पाइपाखाली त्यातली एक नाही, नुसत्या लाल अळ्या आणि गाळातले लाल किडे. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं म्हणून नाममात्र ऑक्सिजनवरही ते दिवस काढतात. बाटलीतलं पाणी त्या घटकेचं सांगतं. दगडाखालची वस्ती गेल्या काही महिन्यांचं सांगते. म्हणजे हा पाइप त्या आठवड्यातला नव्हता. पेटीबरोबर एक चाळण आणि या किड्यांची चित्रं दिली असती तर मी राहिलेला दीड तारा हसत परत केला असता.

नायट्रेटच्या पट्ट्या ठीक. क्लोरीनच्या गोळीने पाणी गुलाबी झालं नाही, एवढं कळलं ते बरं. जड धातूंच्या पट्ट्या मात्र सरळ फेकून द्या. तांब्याच्या पट्टीची पहिली पायरी लिटरला ०.५ मिलिग्रॅम. मृदू पाण्यात त्याच्या दहाव्या हिश्श्यानेही संवेदनशील मासे मरू शकतात. पट्टी पांढरी राहिली म्हणून तांबं नाही असं कुणी लिहून दिलं, तर तो कागद कारखानदाराच्याच कामी येईल.

आणि पेटी तेवढंच विचारते जेवढं तिला माहीत आहे. २०२२च्या उन्हाळ्यात पोलंड आणि जर्मनीच्या सीमेवरच्या ओडर नदीत शेकडो टन मासे मेले. सुरुवातीला पाऱ्यावर संशय गेला. ऑक्सिजन तर उलट चढलेला होता. निघालं ते सोनेरी शेवाळ, प्रिम्नेशियम पार्वम, एरवी मचूळ पाण्यातलं. खाणींच्या खारट सांडपाण्याने आणि आटलेल्या, तापलेल्या नदीने त्याला आयतं अंगण मिळालं आणि त्याच्या विषाने माशांचे कल्ले निकामी केले. तिथे आमच्या या पेटीने ऑक्सिजन उत्तम, अमोनिया कमी, असा छान निकाल दिला असता. फक्त पेनाचा आकडा ओरडला असता. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातले कोहो सॅमन पाऊस पडला की ओढ्यांत मरायचे, वर्षानुवर्षं कुणाला कळेना. २०२०च्या डिसेंबरात संशोधकांनी छडा लावला तो गाड्यांच्या टायरमधल्या रसायनापासून बनणाऱ्या सिक्सपीपीडी-क्विनोनचा. त्याची पट्टी कुठल्या पेटीत असणार?

म्हणून प्रयोगशाळा. हिचं नाव लिहीत नाही, कारण निम्मं कौतुक आणि निम्मी कुरकुर आहे. नमुने घेणाऱ्या काउंटरवरच्या ताई फार जाणत्या निघाल्या. त्यांनी आधी आमच्या बाटल्या परत केल्या. धातूंसाठी आम्लाने धुतलेली प्लास्टिकची बाटली आणि आत थोडं नायट्रिक आम्ल. कीटकनाशकांसाठी गडद काचेची. तेलासाठी रुंद तोंडाची काचेची, आणि ती नदीच्या पाण्याने विसळायची नाही, तेल काचेला चिकटून जातं. मेलेला, फुगलेला मासा त्यांनी घेतलाच नाही. म्हणाल्या, “तडफडणारा आणा, बर्फात आणा, फ्रीजरमध्ये टाकू नका. गोठला की पेशी फुटतात, कल्ल्यांचं काही बघता येत नाही.” हे पेटीच्या पुस्तिकेत असतं तर आमची एक फेरी वाचली असती.

मग मी म्हटलं, पाण्यात विष आहे का बघा. त्या म्हणाल्या, “काका, कुठलं?” मी म्हटलं, तेच तर शोधायचंय. तेव्हा कळलं की ‘विष’ नावाची चाचणी नसते. नाव सांगावं लागतं, मग ते त्या नावाचं शोधतात. आम्ही कीटकनाशकांची ठरलेली यादी घेतली. रिपोर्टमध्ये प्रत्येक नावापुढे ‘आढळले नाही’. याचा अर्थ त्यांच्या यंत्राच्या मर्यादेच्या वर आढळलं नाही, आणि ती मर्यादा शेवटच्या पानावर बारीक अक्षरात. मर्यादा नावाशेजारीच छापा, एवढीच कुरकुर. तीही लहान नाही, कारण गावभर ‘पाणी शुद्ध निघालं’ असं फिरलं.

अमोनिया त्यांचा ४.३, आमचा ४. पेटीला इथे पूर्ण गुण. जैविक ऑक्सिजन मागणीचा रिपोर्ट उशिरा आला, तो यायलाच हवा. बाटली २० अंशांवर अंधारात पाच दिवस ठेवून जिवाणूंनी किती ऑक्सिजन खाल्ला ते मोजतात, काही ठिकाणी २७ अंशांवर तीन दिवस. पाइपाच्या तोंडाशी लिटरला १८० मिलिग्रॅम, आमच्या वरच्या जागेवर २. वर्षभर एवढ्या आकड्याची वाट बघितली असती तरी चाललं असतं. लिटरभर पाण्यात मावतो आठ मिलिग्रॅम ऑक्सिजन आणि येणारं पाणी मागतं एकशे ऐंशी. म्हणजे मासे बहुधा विषाने मेले नाहीत, कुणीतरी रात्री सोडलेल्या आंबट-गोड पाण्यावर जिवाणूंनी ताव मारला आणि माशांच्या वाटणीचा ऑक्सिजन संपवला.

आम्ही सगळं जोडून तक्रार दिली. संबंधित कार्यालयाचे लोक आले, तक्रारीनंतर चौथ्या दिवशी, दुपारी बाराला, आणि काठाला शेवाळात बाटली बुडवली. मी काही बोललो नाही. अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मग पुतणीने पुढे होऊन वेळ आणि जागा लिहिलेली वही त्यांच्यापुढे धरली, तेव्हा त्यातल्या एका तरुण साहेबाने पहाटे पुन्हा येतो असं म्हटलं. आणि आला. पांढरा साका त्यानेही पाहिला. पुढचं कागदोपत्री चाललं आहे.

तर घ्यावी का? घ्या. ऑक्सिजनच्या बाटलीसाठी आणि पेनासाठी घ्या. सोबत दोन जादा काचेच्या बाटल्या मागवा, कारण एका बाटलीत वर-मध्ये-खाली अशी तुलना होत नाही. आपल्या मापाचे हातमोजे, डोळ्यांना चष्मा आणि वापरलेली रसायनं परत आणायला झाकणाचा डबा न्या. अझाइड आणि मँगनीज नदीत ओतून नदीची तपासणी करू नये. रसायनांची मुदत कुपीच्या बुडाला छापलेली आहे, घेतानाच बघा. माझ्या एका कुपीचे दोनच महिने उरले होते. शेवटचा अर्धा तारा त्याला आणि स्टार्चला मिळून.

पेन आता माझ्याकडे नाही. अण्णांनी “जरा बघतो” म्हणून नेलं ते त्यांच्या नावेतच राहिलं, दोरीने वल्ह्याला बांधलेलं. जाळं टाकायच्या आधी नाल्याच्या तोंडाशी बुडवतात. काल पहाटे चारला फोन वाजला.

“सर, अकराशे.”

मी उठून पेटी काढली. स्टार्चला परत बुरशी धरली होती.